जुलमी सत्तेविरुद्ध उघड बोलावं की तिला गुपचूप नाकारावं?

सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला आणि झेंडा घेऊन निघणं हाच गुन्हा ठरला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. कुर्बान हुसेन तर पत्रकार, लिहून सरकारशी भिडणारे.

त्याच दिवसांत माझ्या पणजीनं चरख्याचा झेंडा चादरींच्या थप्पीत, मधल्या घडीत दडवला होता. शिपाई आले, वरच्या चार चादरी उलटल्या, गेले. ती चूल फुंकत बसली होती, हात थरथरत होते म्हणे. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ज्याच्या घरात लहान पोरं आहेत, त्याच्यासाठी हा मार्ग खरा आहे आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

पण त्याची एक मर्यादा मला टोचते: बाहेर कुणाला कळतच नाही. शेजारच्याला वाटतं, आपण एकटेच. उघड बोलण्यानं ही कोंडी फुटते. आणीबाणीत दुर्गा भागवत बोलल्या आणि तुरुंगात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती खन्ना यांनी 1976 मध्ये, आणीबाणीतही बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते असा, चार न्यायमूर्तींविरुद्ध एकट्यानं निकाल लिहिला, त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं.

म्हणून माझं मत असं: ज्याच्या हाती पद, लेखणी किंवा व्यासपीठ आहे, त्यानं उघडच बोलावं. त्याला चादरीची घडी शोधायचा हक्क नाही. पणजीला होता.