रत्नागिरीतील एक प्लेसमेंट वर्ग : पाचपैकी तीन तारे

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याच्या देखभाल विभागात मी काम करतो आणि पदवीधर अभियंत्यांच्या मुलाखती घ्यायला अधूनमधून बसतो. त्यामुळे पुतण्याने रत्नागिरीतल्या एका प्लेसमेंट वर्गात (नोकरीच्या चाचण्या-मुलाखतींची तयारी करून घेणाऱ्या) नाव घातले, तेव्हा तिथे नेमके काय शिकवतात हे जाणून घेण्याची मला उत्सुकता होती. वर्ग दोन महिन्यांचा, शनिवार-रविवारचा. शुल्क १२,००० रुपये.

अ‍ॅप्टिट्यूडची तयारी उत्तम करून घेतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची पहिली चाळणी ऑनलाइन चाचणीचीच असते आणि तिथे अडकलेल्या मुलाची कोणत्याही माणसाशी गाठ पडत नाही. काळ-काम-वेग, शेकडेवारी आणि अंकमालिका घड्याळ लावून सोडवायची सवय इथे खरोखर लागते. जागा बरी आहे. पावसाळ्यात वीज गेली की मात्र तास बुडतो.

माझी तक्रार मुलाखतीच्या तयारीबद्दल आहे. शेवटच्या आठवड्यात सराव-मुलाखतींसाठी मला बोलावले होते. बहुतेक मुलांनी स्वतःची ओळख एकाच साच्यातून करून दिली. गुहागरकडच्या एका मेकॅनिकलच्या मुलाचा प्रकल्प जमिनीतील ओलावा मोजून पंप आपोआप चालू करण्याचा होता. मी विचारले, ‘‘विहिरीचे पाणी ४० फूट खाली गेले, तर काठावरचा साधा पंप ते ओढेल का?’’ तो म्हणाला, ‘‘जास्त एचपीचा लावू, सर.’’ वास्तविक पाणी पंपापर्यंत चढते ते हवेच्या दाबाने. तो दाब अगदी आदर्श स्थितीतही सुमारे ३४ फुटांपर्यंतच पाणी चढवतो आणि प्रत्यक्षात २०-२२ फुटांतच दमछाक होते, मग मोटर कितीही मोठी लावा. हे सांगितल्यावर मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘म्हणूनच वैशाखात आम्ही बाबांबरोबर पंप दोराने विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतो.’’ मुलाखत घेणाऱ्याला हवे असते ते नेमके हेच, पण तसे बोलायचे असते हे त्याला दोन महिन्यांत कोणी सांगितलेले नव्हते.

उलट, ‘माहीत नाही’ असे कधीच म्हणू नका, असा तिथला दंडक आहे. कारखान्यात हा सल्ला घातक ठरतो, कारण ज्याला वाहिनीत काय आहे ते ठाऊक नाही आणि तरीही जो व्हॉल्व्ह उघडतो, तो स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. ‘‘नक्की माहीत नाही, पण विचार करून सांगतो’’ असे म्हणून पुढे खरोखर विचार करणाऱ्या एका मुलीला मी त्या दिवशी सर्वांत जास्त गुण दिले; वर्गचालकांना ते रुचले नसावे.

आराखडा वाचणे, पाळ्यांमध्ये (शिफ्टमध्ये) काम करण्याची तयारी, वर्क परमिट (धोक्याच्या कामाआधी घ्यायची लेखी परवानगी) यांचा अभ्यासक्रमात मागमूस नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली पदवीधरांनाही उमेदवारी करता येते आणि तिथे काम पाहिलेल्या काही मुलांना पुढे नोकरीतही घेतले जाते, हेही कोणी सांगत नाही.

सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्याने तिसऱ्या वर्षीच हा वर्ग अवश्य लावावा. लोटे, महाड किंवा रोह्याच्या कारखान्यांत जाऊ इच्छिणाऱ्याने मात्र पैसे भरण्यापूर्वी तांत्रिक मुलाखतीचे तास कोण घेणार आणि त्या माणसाने कारखान्यात किती वर्षे काढली आहेत, हे विचारून घ्यावे.