शिकवणीसाठी पिवळा मल्टीमीटर: घ्यावा का?

इंदूरला रामबागेत मी दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. विजेच्या धड्यासाठी महाराणी रोडवरून डीटी-830डी हा पिवळा डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजायचं यंत्र, आणला. तीनशेच्या आत मिळाला आणि शिकवण्यापुरते पैसे पुरेपूर वसूल झाले.

खरी मजा आली 60 वॅटच्या साध्या बल्बवर. मुलांनी आधी वहीत गणित केलं: 230 चा वर्ग भागिले 60, म्हणजे साधारण 882 ओहम. मग होल्डरमधून काढलेल्या गार बल्बला मीटरच्या दांड्या टेकवल्या, तर आकडा 65 च्या आसपास. "काकू, मीटर बिघडलाय!" मीटर चोख होता. टंगस्टनची तार पेटल्यावर 2400 अंश सेल्सिअसच्या घरात तापते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. बटण दाबल्याच्या क्षणी मात्र ती गारच असते, करंट भसकन जातो, म्हणून बल्ब बरेचदा लावतानाच उडतो. हे नुसतं फळ्यावर सांगून मुलांना पटलं नसतं.

9 व्होल्टची बॅटरी आणि 1000 ओहमचा रेझिस्टर घेतला की मीटर 9 मिलिअँपिअरच्या जवळच दाखवतो. त्याच जागी पाव वॅटचा 100 ओहमचा लावा: गणिताने 90 मिलिअँपिअर, म्हणजे 0.81 वॅट. रेझिस्टर लगेच चटका देण्याइतका तापतो, आणि बॅटरीचं व्होल्टेज खाली घसरताना पडद्यावर दिसतं. व्होल्टेज, करंट, रोध आणि पॉवर, चौघांची ओळख एकदम.

आता उणिवा. दांड्यांच्या वायरी फार बारीक आहेत. 200 ओहमच्या रेंजवर दांड्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा लागतो. मीटर आपोआप बंद होत नाही. आतली बॅटरी उतरली की आकडे वाढीव येतात, तेव्हा ती वेळेवर बदला.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोठा करंट मोजताना लाल दांडी खुपसायच्या 10 अँपिअरच्या भोकाला फ्यूज नाही. लाल दांडी तिथे राहिली आणि कुणी घरच्या प्लगमध्ये खुपसली, तर सरळ शॉर्ट! मी ते भोक चिकटपट्टीने बंद करून ठेवलंय, आणि मुलांना सेल-बॅटरीपलीकडे मीटर लावू देत नाही. घरच्या वायरिंगसाठी हवा असेल तर हा घेऊ नका. थोडे जास्त पैसे घाला आणि करंटच्या दोन्ही भोकांना फ्यूज असलेला चांगला मीटर घ्या.