गणिताचे नियतकालिक की संगणकशास्त्राची परिषद? परीक्षणाचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी

पीएच.डी. पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत, आलेखसिद्धान्त, संयोजनशास्त्र, अल्गोरिदम अथवा मशीन लर्निंगचा गणिती पाया अशा सीमेवरच्या विषयांत काम करणाऱ्यांना दोन निरनिराळ्या प्रकारची निमंत्रणे येऊ लागतात. एक असते गणिताच्या नियतकालिकाच्या संपादकांचे: चाळीस पानांचा एकच शोधनिबंध, काही महिन्यांची सैल मुदत आणि नम्र विनंती. दुसरे असते संगणकशास्त्राच्या परिषदेचे: पाच-सहा निबंध, तीन-चार आठवडे आणि प्रत्येक निबंधापुढे गुण भरण्याचा तक्ता. दोन्हींना ‘पिअर रिव्ह्यू’च म्हणतात आणि दोन्ही बहुधा विनामोबदला असतात, तरीही ही दोन कामे मुळातच वेगळी आहेत. अध्यापन आणि स्वतःचे संशोधन सांभाळून ज्यांच्याकडे आठवड्याला मोजकेच तास उरतात, त्यांनी कोणते काम आधी घ्यावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

माझ्या मते या निवडीत प्रतिष्ठेपेक्षा जबाबदारी कशी वाटली जाते हे आधी पाहावे. गणितात बहुतेक वेळा एक किंवा दोन परीक्षक असतात, आणि सिद्धतेची ओळ न् ओळ तपासणारा, लेखकाव्यतिरिक्तचा, तो एकटाच माणूस असण्याची शक्यता मोठी असते. अँड्र्यू वाइल्स यांनी 1993 मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा हस्तलिखित सहा परीक्षकांत वाटण्यात आले होते. त्यांपैकी निक कॅट्झ यांनी उन्हाळाभर शंका विचारत आपल्या वाट्याचे प्रकरण वाचले, आणि त्यांच्या एका शंकेतूनच सिद्धतेतील मोठी फट उघड झाली. ती रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने सप्टेंबर 1994 मध्ये बुजली आणि निबंध 1995 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला. त्या विषयाचे आणखी पाच जाणकार त्याच हस्तलिखिताची इतर प्रकरणे वाचत होते. पण ही फट सापडली ती एकाने आपल्या वाट्याचे प्रकरण रेटून वाचले म्हणून.

असा वाचक न मिळाल्यास काय होते, याचेही उदाहरण आहे. व्लादिमिर वोएवोद्स्की आणि मिखाइल काप्रानोव्ह यांच्या 1991 च्या निबंधातील मुख्य निष्कर्षाला कार्लोस सिम्प्सन यांनी 1998 मध्ये प्रतिउदाहरण दिले. पण सिद्धतेत नेमकी चूक कोठे आहे हे त्यात दाखवलेले नव्हते, आणि वोएवोद्स्की यांना आपल्या निबंधातील चूक पटायला 2013 उजाडले. फील्ड्स पदकाचे मानकरी असलेले हे गणिती पुढे संगणकाकडून सिद्धता तपासून घेण्याच्या कामाकडे वळले, त्यामागे असेच अनुभव होते. एकसारखे गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचावेत याविषयीच्या केपलर अनुमानाच्या थॉमस हेल्स यांनी दिलेल्या सिद्धतेसाठी तर बारा परीक्षकांचे मंडळ नेमले गेले. काही वर्षे खपून त्यांनी ‘नव्व्याण्णव टक्के खात्री’ एवढेच सांगितले, आणि उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स व सहकाऱ्यांनी 2014 पर्यंत चालवलेला औपचारिक पडताळणीचा, म्हणजे सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेण्याचा, प्रकल्प हाती घ्यावा लागला. ही टोकाची उदाहरणे आहेत हे खरे. मात्र तुमच्यापुढे आलेला साधा, वीस पानांचा निबंधही त्याच पद्धतीने तुमच्या एकट्याच्या खांद्यावर येतो.

संगणकशास्त्रात निबंधाचे पहिले आणि पुष्कळदा मुख्य प्रकाशन परिषदेत होते. नरेंद्र करमरकर यांचा रेषीय प्रोग्रामिंगचा अल्गोरिदम 1984 मध्ये ‘स्टॉक’ या परिषदेत मांडला गेला आणि त्याच वर्षी ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात आला. पण प्रत्येक निबंधाच्या नशिबी हा दुसरा, सावकाश तपासणीचा टप्पा येतोच असे नाही. परिषदेची तारीख ठरलेली असते, निबंधाची पाने मर्यादित असतात, सिद्धता बहुधा परिशिष्टात असतात, आणि ती परिशिष्टे वाचण्याचे बंधन परीक्षकावर पुष्कळदा नसतेच. त्यामुळे तेथे प्रश्न ‘हे बरोबर आहे का’ यापेक्षा ‘हे महत्त्वाचे आणि नवे आहे का, आणि इतरांपेक्षा वरचढ आहे का’ असा होतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना गठ्ठ्यातल्या पाचव्या निबंधाला पहिल्याच्याच फूटपट्टीने मोजणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको.

या मोजणीवर किती भिस्त ठेवावी, याचा क्वचितच होणारा प्रत्यक्ष प्रयोग 2014 मध्ये मशीन लर्निंगच्या निप्स परिषदेने केला. हीच परिषद आज न्यूरिप्स या नावाने ओळखली जाते. त्या वर्षीच्या कार्यक्रम-अध्यक्षांनी, कोरिना कोर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी, आलेल्या 1678 निबंधांपैकी साधारण एक दशांश दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. दोन्हींचा निकाल हाती आलेल्या 166 निबंधांपैकी 43 निबंधांवर समित्यांचे एकमत झाले नाही. सव्वीस टक्के मतभेद हा आकडा ऐकायला फारसा वाटत नाही, पण बहुतेक निबंध नाकारलेच जात असल्यामुळे त्याचा अर्थ असा होतो की एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने परत पाठवले असते. पुढे याच दोघांनी मागे वळून पाहिले, तेव्हा स्वीकारलेल्या निबंधांना मिळालेले गुण आणि त्यांना नंतरच्या वर्षांत मिळालेली उद्धरणे, म्हणजे इतर निबंधांतले उल्लेख, यांत काहीच संबंध दिसला नाही. प्रक्रिया कच्चे निबंध ओळखण्यात चांगली, पण उत्तम निबंध ओळखण्यात कमकुवत निघाली. 2023 मध्ये याच परिषदेकडे 12,343 निबंध आले. तेव्हा परिषदेत तुमचे मत तीन-चार मतांपैकी एक असते, आणि ते एकूण चित्रात किती निर्णायक ठरेल याविषयी फार अपेक्षा ठेवू नये. ज्यांना आपल्या शब्दाचा परिणाम दिसल्याखेरीज कामात रस वाटत नाही, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

मग परिषदेच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि नवख्यासाठी ते मोलाचे आहे. परिषदेच्या चर्चेच्या टप्प्यात बाकीच्या परीक्षकांचे अभिप्राय वाचायला मिळतात, लेखकांचे प्रत्युत्तर, म्हणजे ‘रिबटल’, दिसते, आणि आपण जे दोष मोठे समजलो ते जाणकाराने कसे हलके मानले, किंवा आपल्या नजरेतून काय निसटले, हे दोन आठवड्यांत कळते. मशीन लर्निंगची आयक्लिअर परिषद तर अभिप्राय सर्वांसाठी खुले ठेवते, त्यामुळे काम स्वीकारण्यापूर्वीच शेकडो अभिप्राय वाचून चांगला कोणता आणि वरवरचा कोणता हे पारखता येते. गणितात याच्या उलट आहे. तुम्ही महिनोन्‌महिने खपून रिपोर्ट पाठवता, संपादक आभार मानतात, आणि दुसऱ्या परीक्षकाने काय लिहिले ते पुष्कळदा कधीच समजत नाही. परीक्षण शिकण्याची जागा म्हणून परिषद सरस आहे, हे मान्य करायला गणितवाल्यांनी संकोचू नये.

वेळेच्या हिशेबात मात्र पहिली समजूत फसवी ठरते. सहा महिन्यांची मुदत म्हणजे काम हलके असे नव्हे. चाळीस पानांची सिद्धता खरोखर तपासायची तर सलग बसण्याचे दिवस काढावे लागतात, आणि ते न काढल्यामुळेच निबंध वर्षभर पडून राहतात. ‘नोटिसेस ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी’ गणिती नियतकालिकांच्या अशा अनुशेषाची आकडेवारी छापत आली आहे. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची मूळसंख्या-चाचणी ऑगस्ट 2002 मध्ये प्रसृत झाली, तिची अचूकता जाणकारांना काही दिवसांतच पटली, तरी ‘अ‍ॅनल्स’मध्ये ती छापली गेली 2004 मध्ये. हा काळ वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण तोवर इतरांच्या सूचनांनी सिद्धता आणखी सोपी झाली होती. तरी मुदतीचा दट्ट्या असल्याशिवाय ज्यांच्या हातून काम पुढे सरकत नाही, त्यांनी गणिताचा निबंध घेताना दोनदा विचार करावा. काही संपादक पूर्ण परीक्षणापूर्वी ‘क्विक ओपिनियन’, म्हणजे निबंध या नियतकालिकाच्या तोलाचा आहे का एवढेच मत, दोन आठवड्यांत मागतात; विषयाचा आवाका ज्यांना आला आहे त्यांच्यासाठी ते सोयीचे, पण नवख्याने ते टाळलेले बरे, कारण तेथे तपासणीपेक्षा अनुभव लागतो.

आणखी एक भेद लेखकाच्या नावाचा. गणितात परीक्षकाला बहुधा लेखक माहीत असतो. संगणकशास्त्रातील बहुतेक मोठ्या परिषदांत तो झाकलेला असतो, जरी आर्काइव्ह या छपाईपूर्व निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर आधीच टाकलेल्या निबंधाचा पत्ता शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. वेबवरील शोध आणि डेटा मायनिंग या विषयाच्या डब्ल्यूएसडीएम 2017 या परिषदेत एकाच वेळी दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या, तेव्हा नाव दिसणाऱ्या परीक्षकांचा कल प्रसिद्ध लेखकांच्या आणि नामांकित संस्थांच्या निबंधांकडे अधिक दिसला. लहान गावच्या महाविद्यालयातून लिहिणाऱ्याला यातील मर्म लगेच कळेल. गणिताचे परीक्षण घेताना हा कल आपल्यातही असणार असे गृहीत धरून, लेखकाचे नाव असलेले पान बाजूला ठेवून वाचायला सुरुवात करणे एवढे तरी आपल्या हाती असते.

या दोन टोकांच्या मध्येही वाटा आहेत, आणि पुष्कळांसाठी त्याच सोयीच्या ठरतील. ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन मशीन लर्निंग रिसर्च’ हे 2022 मध्ये सुरू झालेले नियतकालिक वर्षभर निबंध घेते आणि परीक्षकाला दोनच गोष्टी विचारते: दाव्यांना पुरेसा आधार आहे का, आणि कोणा तरी वाचकाला यात रस असेल का. ‘वरचढ कोण’ हा प्रश्नच तेथे नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी असाल आणि प्रोग्रामिंगमध्ये हात बसलेला असेल, तर आर्टिफॅक्ट इव्हॅल्युएशनच्या समित्या पाहाव्यात. निबंधासोबतचा कोड खरोखर चालतो का आणि निष्कर्ष पुन्हा मिळतात का हे तपासण्याची ही पद्धत 2011 मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या एका परिषदेत सुरू झाली आणि तीत विद्यार्थ्यांनाच प्राधान्याने घेतात. गणिताकडे ओढा असलेल्यांसाठी ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ आणि ‘झेडबी-मॅथ’ येथे छापून आलेल्या निबंधांचे परिचय लिहिण्याचे काम आहे. ते स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होते, आणि स्वीकार-नकाराचा भार डोक्यावर नसतो. देशातल्या देशात पाहायचे तर 1981 पासून दरवर्षी भरणाऱ्या, सैद्धान्तिक संगणकशास्त्राच्या एफएसटीटीसीएस परिषदेच्या समितीतील एखाद्या ज्येष्ठ सदस्यासाठी उपपरीक्षक म्हणून एक निबंध वाचणे, ही मला सर्वांत चांगली सुरुवात वाटते: निबंध एकच, मुदत स्पष्ट, आणि अभिप्राय पुढे जाण्याआधी त्यावर नजर टाकणारे कोणीतरी असते.

नियतकालिक कोणाचे आहे, हेही पाहावे. एल्सेव्हिअर या व्यावसायिक प्रकाशन संस्थेच्या चढ्या किमतींच्या निषेधार्थ, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या पुढाकारानंतर ‘जर्नल ऑफ अल्गोरिदम्स’चे संपादक मंडळ 2003 च्या अखेरीस बाहेर पडले, ‘टोपॉलॉजी’चे 2006 मध्ये, आणि 2012 मध्ये गणिती टिमोथी गॉवर्स यांच्या लेखानंतर हजारो संशोधकांनी एल्सेव्हिअरसाठी लिहिणे किंवा परीक्षण करणे थांबवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. विनामोबदला श्रम कोणाच्या नफ्यात जमा होतात, याविषयी प्रत्येकाने आपले मत ठरवावे. दोन निमंत्रणे तुल्यबळ असतील तर मी स्वतः विद्वत्संस्थेच्या किंवा मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकाची बाजू घेतो. बनावट नियतकालिकांचा मामला यापेक्षा सोपा आहे. आपल्या विषयाशी संबंध नसलेला निबंध, चार दिवसांची मुदत आणि संपादक मंडळात एकही ओळखीचे नाव नाही, अशा ई-मेलला उत्तर देण्याचीही गरज नाही.

कधी कधी निवडीचा प्रश्नच उरत नाही: मोठ्या परिषदा हल्ली निबंध सादर करणाऱ्या लेखकांवरच परीक्षणाचे बंधन घालतात. ज्यांना तेथे निबंध पाठवायचा आहे त्यांनी ते तास आधीच बाजूला काढून ठेवावेत. इतरांना मी असे सुचवेन की सिद्धता वाचण्यात ज्यांचे मन रमते त्यांनी वर्षाला गणिताचे एक-दोनच निबंध घ्यावेत, पण ते शेवटच्या ओळीपर्यंत तपासावेत. आणि क्षेत्रात काय चालले आहे याचा कानोसा घेणे, अभिप्राय लिहायला शिकणे हा ज्यांचा हेतू आहे त्यांनी परिषद घ्यावी. दोन्ही एकाच सत्रात घेऊ नये, कारण मुदतीचे काम बिनमुदतीच्या कामाला मागे ढकलते आणि गणिताचा लेखक ताटकळत राहतो. निबंध गोपनीय असतो, तेव्हा तो चॅटजीपीटीसारख्या सेवेत टाकण्यापूर्वी त्या ठिकाणचा नियम वाचावा, आणि नियम अस्पष्ट असल्यास टाकू नये.

नकार द्यायचा असेल तर दोन-तीन दिवसांत द्यावा आणि त्याच उत्तरात हा विषय जाणणाऱ्या दोन तरुण संशोधकांची नावे सुचवावीत; संपादकांना महिनाभराने आलेल्या दिलगिरीपेक्षा त्या दोन नावांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.