लेंड्यांत जंत दिसले आणि मी फसलो

करडं तीन-चार महिन्यांची झाली तसे लेंड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे चपटे तुकडे दिसायला लागले. वाकून बघितलं तर हलत होते. पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारख्या लांब जंताचे तुकडे. त्याच आठवड्यात एक औषधवाला दारात आला. सगळ्यांना एकच झाकण, वजन करायची गरज नाही, आणि तीन महिने जंत होणार नाहीत याची गॅरंटी. "माझ्यावर विश्वास ठेवू नका दादा, उद्या सकाळी लेंड्या बघा."

औषध पाजून सकाळी बघितलं, दाणे होतेच. "बघा, पडायला लागले!" औषधवाला म्हणाला. पाच बाटल्या घेतल्या. वर शेजाऱ्यांनाही ते दाणे कौतुकाने दाखवले. त्यातल्या दोघांनी माझ्या शब्दावर औषध घेतलं, हे मला पैशांपेक्षा जास्त सलतं.

तिसऱ्या आठवड्यात करडं मलूल पडली. दोघांच्या जबड्याखाली पाणी उतरलं, पिशवी लोंबावी तसं. ती दोन्ही गेली. डॉक्टरांनी तिसऱ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून दाखवली. आत लाली असायला हवी, तिथे कागदासारखं पांढरं. लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या तर हिमॉन्कसची अंडी भरमसाट. हा गोल जंत दोनेक सेंटीमीटरचा, चौथ्या पोटाला चिकटून रक्त पितो. लेंडीत मात्र डोळ्यांना दिसत नाही. आम्हाला दिसत होता तो मोनिझिया, म्हणजे पट्टकृमी. तो कित्येक मीटर लांब वाढतो, बघून किळस येते, पण बहुतेक करडं त्याला सहन करतात. मी दिसणाऱ्याच्या मागे लागलो आणि मारणारा दुसराच होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "औषध न पाजलेल्या करडाच्या लेंड्या बघितल्या का?" पाय दुखावलेलं एक करडू वेगळं बांधलं होतं, त्याला पाजायचं राहून गेलं होतं. जाऊन बघितलं. तसेच दाणे! पिकलेले तुकडे जंतापासून आपोआप तुटून पडतात, अंडी बाहेर पडायची ती वाटच आहे. रोज होणाऱ्या गोष्टीआधी त्या माणसाने फक्त आपली बाटली ठेवली होती.

गॅरंटीही थापच. पट्टकृमीची अंडी कुरणातले बारीक कोळीकीटक खातात आणि गवताबरोबर ते कीटक करडांच्या पोटात जातात. खऱ्या औषधानंतरही पाच-सहा आठवड्यांनी दाणे पुन्हा दिसू शकतात, त्यावरून औषध बोगस ठरत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक करडू तोलून फेनबेंडाझोल पाजलं, ते दोन्ही जंतांवर चालतं. दोन आठवड्यांनी लेंड्या पुन्हा तपासायला मागवल्या. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं दुसरं औषध पट्टकृमीवर चालतच नाही, हेही तेव्हाच कळलं. बाटलीवर घटकाचं नाव नसेल तर पुढे बोलूच नका. आमच्या बाटलीवर नुसतं शेळीचं चित्र होतं.

रिकामी बाटली कोमट पाण्यात बुडवून स्टिकर नखाने खरवडला. खाली दुसरं लेबल निघालं, लिव्हर टॉनिकचं. औषधवाला पुढच्या डोससाठी आला तेव्हा ती त्याच्या हातात दिली. जराही न चपापता म्हणाला, "चुकून लागला असेल स्टिकर, दादा."

उरलेल्या चारही मी आधीच खरवडून ठेवल्या होत्या.