नागपूरच्या इतवारीतून घेतलेल्या पितळी मूर्ती, दोन वर्षं वापरल्यावर

पितळी मूर्तीचा रिव्ह्यू घेतल्या दिवशी लिहून काही उपयोग नाही, दुकानात सगळंच चमकतं. म्हणून मुद्दाम थांबले. आता दोन दिवाळ्या झाल्या, रोजची आंघोळ झाली, चिंच झाली, लेकीच्या हातून दोनदा पडून पण झालं, तर आता लिहिते.

घेतलं काय ते आधी. लहान बहिणीच्या लग्नात गौरीहरासाठी अन्नपूर्णा, साडेतीन इंच, ४२० ग्रॅम. माझ्या घरी गणपती ३५० ग्रॅम आणि रांगता बाळकृष्ण १८० ग्रॅम. भाव तेव्हा १३०० रुपये किलो लावला, तिन्ही मिळून ९५० ग्रॅम, १२३५ रुपये झाले. वर एक घंटा घेतली ३५० ची, तिचं पुढे सांगते. दुकान इतवारीत आतल्या गल्लीत आहे, दुकानवाले काका म्हणाले नाव नको टाकू बाई, सणाच्या दिवसांत आहे तीच गर्दी सांभाळणं होत नाही, म्हणून टाकत नाही. पण खाली जे लिहिलंय ते कुठल्याही दुकानात कामाला येईल.

याच्या आधी मी चूक करून बसले होते. बेसाला फ्लॅट घेतला तेव्हा महाल भागातल्या घरचे देव जाऊबाईंकडेच राहिले, आमच्याकडे तसंच असते, देव मोठ्याकडे आणि धाकट्याने वेगळी चूल मांडली की त्याने आपले देव नवे करायचे. माझ्याकडे आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा होती खरी, पण ती आईला तिच्या आईने दिलेली, नाकडोळे पार गेलेले, मांडीवरची पळी बोटाने चाचपली तरच कळते. नव्या देवघरात ती बरी दिसत नाही म्हणून मी तिला कपाटात ठेवलं, हे लिहितानाही वाईट वाटते. आणि ऑनलाइन एक सेट मागवला, सात इंची, काळपट अँटिक फिनिशचा, फोटोत फार देखणा. पहिल्या दिवाळीला चिंच लावली तर काळा रंग पाण्यासोबत उतरला, पिवळा पण जागोजागी गेला आणि खालून पांढरट धातू दिसायला लागला. परत द्यायची मुदत संपलेली. फोन केला तर तिकडून सांगितलं की मॅडम हे डेकोरेशनचं प्रॉडक्ट आहे, हे धुवायचं नसते.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्या देवाला आंघोळ घालता येत नाही तो मी रोज पूजेला कसा ठेवू?

वास्तुशांतीच्या वेळी आमच्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती ती तेव्हा नुसती ऐकली, या फोननंतर समजली. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत, दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे मातीचंदनाची, चित्रातली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. आणि तिथेच लगेच म्हटलंय की लेपाची किंवा चित्राची वगैरे असेल तर नुसतं पुसून घ्या, बाकीच्यांना स्नान घाला. शिवाय मूर्ती दोन तऱ्हेच्या, एक अचल, देवळात कायमची बसवलेली, आणि दुसरी चल, उचलता येते ती. आपल्या घरच्या देवांना आपण रोज उचलतो, ताम्हनात घेतो, पाणी घालतो, पुसतो, गंध लावतो, परत जागेवर ठेवतो. दगड जड जातो, लाकूड फुगते, माती विरघळते, चांदी सगळ्यांना परवडत नाही. पितळ रोजच्या पाण्याला टिकते, पडलं तरी सहसा फुटत नाही, हातात मावते. मला वाटते घरोघरी पितळी देव असण्याचं खरं कारण हेच आहे, ते हाताळायचे देव आहेत, नुसते बघायचे नाहीत. मूर्ती किती मोठी असावी त्याचंही तेच, मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीला अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतचं माप दिलंय, त्यापेक्षा मोठी नको. वितीएवढी मूर्ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी घालता येते.

तर बहिणीचं लग्न ठरलं आणि आई म्हणाली तू इतवारीत जा. बेसाहून गाडी नेऊ नका, मी मेट्रोने गेले, सीताबर्डीला बदलून चितारओळ चौकाला उतरले आणि पुढे ई-रिक्षा. सोबत कपाटातली जुनी अन्नपूर्णा पण पिशवीत घेतली होती. विचार असा की बहिणीला नवी घेऊ, मलाही नवी घेऊ आणि ही जुनी मोडीत देऊन टाकू, भांड्यांचं करतो तसं.

काकांनी ती हातात घेतली. आधी काही बोललेच नाहीत. मग मागच्या पोराला म्हणाले पाणी आण रे. तांब्यातलं पाणी तिच्यावर घालून अंगठ्याने तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "कोणाची आहे ही?" मी सांगितलं, आजीची, मग आईची, मग माझी. "मग मोडीत काऊन देऊन राहिली तू? भांडं घेतो मी मोडीत, हे नाही घेत." मी म्हटलं, काका चेहरा गेला ना तिचा. तर म्हणाले, "गेला नाही बाई, झिजला. हात तुटला, पाय तुटला, भेग गेली तर ती खंडित, मग तिचं विसर्जन करायचं. हे तर तुमच्याच घरच्या बायांचे हात लागून झालं आहे." आणि कागदात गुंडाळून पिशवीत परत ठेवली. मला दुसरी अन्नपूर्णा विकलीच नाही त्यांनी. बहिणीसाठी एक दिली.

या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी देते. पाचशे-साडेपाचशेचा धंदा त्यांनी सोडला आणि माझ्या आजीची अन्नपूर्णा मला परत दिली.

आता मूर्ती कशी निवडायची, जे त्यांनी शिकवलं ते. ओल्या हाताने धरून पाहा, असं ते प्रत्येकाला सांगतात. कोरड्या हातात कुठलीही मूर्ती बसते, ओल्या हातातून निसटणारी रोज त्रास देते. बाळकृष्ण घेताना तर हे फारच लागते, तो दोन गुडघे आणि एका हातावर टेकलेला असतो, दुसऱ्या हातात लोणी, त्यामुळे ओतीव जरा वाकडी आली की तो डुगडुगतो. काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने हलवून बघा. मी चार बाजूला ठेवले तेव्हा पाचवा सरळ बसला. अन्नपूर्णेला पळी बघा, दोन्ही हातांत आडवी धरलेली, मांडीला टेकलेली आणि जाड हवी, बारीक पळी कपड्यात अडकून वाकते. आणि पळी नसेल तर ती अन्नपूर्णा नाहीच, महादेवाने जिच्यासमोर भिक्षेला हात पसरला ती ही, तिची ओळखच त्या वाढण्यात आहे. २०२१ मध्ये कॅनडातून काशीला परत आलेल्या दगडी अन्नपूर्णेच्या हातात पण खिरीची वाटी आणि चमचाच आहे. गणपतीत कानामागे बघा. बहुतेक माल मुरादाबादचा, वाळूच्या साच्यात दोन अर्ध्या भागांत ओततात, मग जोडाची रेघ राहते ती कानसीने घासतात. कानामागे आणि पाठीशी रेघ राहून गेली असेल तर बोटाला खरखर लागते आणि तिथेच पुढे मळ साचतो. मेणाची मूर्ती करून, साचा एकदाच वापरून फोडतात ते काम वेगळं, तामिळनाडूत स्वामीमलैला होते तसं, त्याला रेघ नसते पण भाव फार वर जातो. आपला भंडारा पितळेसाठी एवढा प्रसिद्ध, पण काका म्हणाले तिकडून त्यांच्याकडे भांडीच येतात, मूर्ती नाही.

खरं पितळ ओळखायला चुंबक पुरेसं नाही, हे मला माहीत नव्हतं. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे एवढं कळते, पण जस्ताच्या ओतीवर पिवळा मुलामा असेल तर त्यालाही चिकटत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात तांबं जास्त. घरी करायचं तर असं करा, मापाच्या भांड्यात काठोकाठ नाही पण पुरेसं पाणी घ्या, मूर्ती आडवी करून बुडवा म्हणजे खालच्या पोकळीत हवा अडकणार नाही, पाणी किती मिली वर चढलं ते बघा आणि वजनाला त्याने भागा. पितळ असेल तर साडेआठच्या आसपास येते. बहिणीची अन्नपूर्णा ४२० ग्रॅम, पाणी ५० मिली चढलं, ८.४ आलं. त्या ऑनलाइन सेटमधल्या एका मूर्तीचं केलं तर साडेसहाच्या जवळ आलं, म्हणजे जस्ताचीच. आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

लॅकरचं नक्की विचारा. नव्या मूर्तीला पारदर्शक थर देतात, चमक राहावी म्हणून, तो रोजच्या पाण्याने आणि पंचामृताने तुकड्यातुकड्यांत सुटतो आणि मूर्ती कोड आल्यासारखी दिसते. शोकेससाठी लॅकर ठीक, पूजेसाठी बिनलॅकरची मागा. माझ्या गणपतीला होतं हे मला घरी आल्यावर कळलं, काकांनी फोनवर सांगितलं खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळ, ते केलं, निघालं. पण हे विकतानाच सांगायला पाहिजे होतं, तिथे त्यांचा एक स्टार कापते.

घंटेचा अर्धा कापते. पितळेचीच होती, आवाज लगेच बसतो. चांगल्या घंटेला कासं लागते, तांबं आणि कथील, ती घुमत राहते. ते कासं त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हतं तर तसं सांगायचं होतं. बिल पण मागितल्याशिवाय देत नाहीत आणि काउंटरवरचा पोरगा अँटिक फिनिशकडेच ढकलतो सगळ्यांना, काका स्वतः बसले असतील तेव्हाच जा, सकाळी अकरा ते दीड. दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत जाऊ नका, नीट हातात घेऊन पाहायला जागाच मिळत नाही.

दोन वर्षांनी काय परिस्थिती आहे तर गणपती छान आहे, बाळकृष्ण पण, पडून गुडघ्याला बारीक पोचा आला तेवढा. रोज साधं पाणी आणि कोरडं फडकं, फडकं फिरवताना घाई करू नका, पाणी राहिलं की हिरवं धरते. शनिवारी चिंचेचा कोळ, मीठ अगदी चिमूटभर, आणि लगेच भरपूर पाणी. पितांबरी मी सणालाच वापरते. तारेचा घासणा कधीच नाही. आणि पंचामृताचा अभिषेक केला तर ते तांब्यापितळेच्या ताम्हनात ठेवून देऊ नका, दह्याने कळकते, तीर्थासाठी लगेच चांदीच्या नाहीतर स्टीलच्या वाटीत काढा.

बहीण पुण्यात असते, तिची अन्नपूर्णा छोट्या वाटीत तांदळावर बसवलेली आहे, दर शुक्रवारी ते तांदूळ डब्यातल्या तांदळात मिसळून नवे घालते, आमच्या आईसारखंच. फोटो पाठवते अधूनमधून. नाक अजून धारदार आहे तिचं. माझी आजीची अन्नपूर्णा देवघरात परत आली ती बरोबर मधे आहे. आंघोळ घालताना अंगठा आपोआप तिच्या गालावरच्या त्या गुळगुळीत जागेवर जातो, आईचा पण तिथेच जात असेल आणि आजीचा पण. गंध लावायला कपाळ शोधावं लागते, पण आता सवय झाली, डोळे मिटून पण लावता येते.

आता जाऊबाईंकडच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे, तेही पितळेचेच आणि सासूबाईंच्या सासूच्या वेळचे, काळे पडले म्हणून जाऊबाई मशीनवर पॉलिशला द्यायचं म्हणत होत्या. मी काकांना विचारलं तर म्हणाले, "मशीनचं चाक नको लावू बरं, भुवया आणि ओठ पहिले उडतात. इकडे आण, चिंचेने हाताने करून देतो, दोन दिवस लागतील." दोघींचे मिळून ३०० रुपये सांगितले. भाद्रपदाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन देऊन येणार आहोत.