चर्च आणि घर दोन्हीकडे चालणारा वर्षभराचा ‘सर्व वयांसाठी’ पॅक: घ्यावा की नाही?

आमच्या मंडळीने गेल्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांपासून, एक तयार अभ्यासक्रम घेतला होता, लहान मुलं, तरुण, आईवडील, आजीआजोबा सगळ्यांनी आठवडाभर एकच शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, घ्यायचा, रविवारी चर्चमध्ये एकत्र आणि बाकीचे दिवस घरी, अशी त्याची कल्पना. नाव देत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत आणि असे पॅक आता बरेच निघालेत, दोष साधारण सगळ्यांचे सारखेच असतात. थोडक्यात सांगायचं तर घरच्या कार्डांसाठी डोळे झाकून घ्या, चर्चमधल्या सेशनसाठी घेणार असाल तर आधी सँपल मागून बघा.

पॅकमध्ये लीडरचं पुस्तक, दर आठवड्याचं एक घरचं कार्ड, गाण्यांचे ऑडिओ आणि एक अॅप मिळतं. अॅपबद्दल फार बोलण्यासारखं नाही, नोटिफिकेशन इतकी येतात की शेवटी बंदच केली. शास्त्रभाग तीन वर्षांच्या वाचनक्रमाप्रमाणे आहेत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक आणि योहान मधेमधे. ज्या मंडळ्या आधीपासून हाच क्रम पाळतात त्यांना हे फार सोयीचं, कारण पाळकांचा संदेश, संडे स्कूलचा धडा आणि घरचं कार्ड तिन्ही एकाच वचनावर येतात. आमच्याकडे आधी वरच्या हॉलमध्ये नोहा चालू असायचा आणि खाली रोमकरांस पत्र, म्हणजे बायबलचे दोन अगदी वेगळे भाग, घरी गेल्यावर एकमेकांना विचारणार तरी काय!

आता कार्ड. एका बाजूला शास्त्रभागाच्या दोनतीन ओळी, दुसऱ्या बाजूला एकच प्रश्न, बस. आणि तो प्रश्न मोठ्यांनी मुलांना विचारायचा नसून मुलांनी मोठ्यांना विचारायचा आहे, ही सगळ्यात भारी गोष्ट. हे काही त्यांनी नवीन शोधलेलं नाही म्हणा. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायात यार्देन नदीतून 12 धोंडे उचलून आणायला सांगितलंय ते याचसाठी की पुढे मुलं विचारतील ‘ह्या धोंड्यांचा अर्थ काय’ आणि मग मोठ्यांनी सांगायचं. वल्हांडणाचंही (मिसरातल्या गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीचा यहूदी सण) तसंच, निर्गम या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात पहिला प्रश्न मुलांचा आहे. आपण मात्र उलटं करून ठेवलंय, वचन पाठ झालं का, दहा आज्ञा म्हणून दाखव, म्हणजे कायम परीक्षा मुलांचीच आणि मोठे सुटले.

त्या धोंड्यांच्या आठवड्याचं सेशन चर्चमध्येही झालं आणि ते खरंच जमून आलं. प्रत्येक मुलाने एका वयस्कर माणसाशेजारी बसून कार्डावरचा प्रश्न विचारायचा होता, देवाने सांभाळलं असं तुम्हाला कधी वाटलं? आमच्या एका आजींनी सरळ सांगितलं की नवऱ्याच्या आजारपणात खूप प्रार्थना केली पण ते गेले. तर ती पोरगी लगेच विचारते, मग तुम्ही चर्चला येणं बंद नाही केलं? आजी म्हणाल्या, केलं होतं की, बरेच महिने, पण महिला मंडळातली एकजण रोज संध्याकाळी यायची, देवाबद्दल अवाक्षर नाही, नुसती बसायची आणि जायची. असं उत्तर लीडरच्या पुस्तकात कुठे छापलेलं नसतं, आणि आजींच्या घरच्यांनासुद्धा हे तेव्हाच कळलं!

पण अशी सेशन कमी. बाकी बरीचशी म्हणजे कात्री, रंगीत कागद, गोंद. लहान मुलं चिकटवतायत, आईबाप मोबाईलवर फोटो काढतायत, म्हातारी माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, आणि याला म्हणायचं सर्व वयांची उपासना. एका खोलीत बसवलं म्हणजे एकत्र झालं असं नसतं हो. टीनएजर्सची तर कमालच आहे, त्यांना एकतर लहानांना मदत करायचं काम नाहीतर प्रोजेक्टर लावायचं. लूक 2 मधला 12 वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय, तोच शास्त्रभाग पॅकमध्ये आहे आणि त्यावर तरुणांसाठी काय तर शब्दकोडं! या वयातल्या मुलांचे प्रश्न खरे असतात, दुःख का येतं, दुसऱ्या धर्मातल्या मित्राचं काय, प्रार्थना करून काही होत नाही मग का करायची. आम्ही शेवटी शब्दकोडं बाजूला ठेवून पाळकांनाच त्यांच्यासमोर बसवलं, पाळकांना घाम फुटला पण मुलं पुढच्या वेळी आली.

दुसरी मोठी तक्रार कार्डांचीच. प्रत्येक कार्डाच्या तळाशी ‘वडिलांनी प्रार्थनेने शेवट करावा’ असं छापलंय. ज्या घरात वडील नाहीत, किंवा आहेत पण विश्वासात नाहीत, त्यांनी काय करायचं? एकटं राहणाऱ्यांचा तर विचारच नाही. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं घर बघा ना, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात आई विश्वास ठेवणारी यहूदी आणि बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक, आणि पौल 2 तीमथ्य 1:5 मध्ये विश्वासाचं श्रेय नाव घेऊन देतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांना. पॅक बनवणाऱ्यांनी हेच वचन कव्हरच्या आत छापलंय, वाचलं नसावं बहुतेक. आमच्यातल्या एका ताईने सगळ्या कार्डांवरची ती ओळ पेनाने खोडून ‘ज्याला वाटेल त्याने’ असं लिहिलं आणि मगच वाटली.

आता मुलांना वेगळं काढून शिकवणं चूकच, असंही माझं म्हणणं नाही. 1780 मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना लिहायवाचायला यावं म्हणून, ती गरज खरी होती. लहानांना त्यांच्या भाषेत शिकवायची गरज आजही आहे. फक्त घरचं काम त्या एका तासावर ढकलून चालत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली तेव्हा कुटुंबप्रमुखाने घरच्यांना हे कसं शिकवावं असंच त्यात घातलं होतं, आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात तर घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना असा अख्खा दिवसच आलाय. कार्डं इथेच कामाला येतात, फ्रिजवर लावा, बॅगेत टाका, गाडीत वाचा, कुठेही चालतात.

घेणार असाल तर फक्त कार्डांचा सेट वेगळा मिळतो का ते विचारा, आम्हाला विचारल्यावर मिळाला. मोठ्या अक्षरांची पीडीएफसुद्धा आहे पण ती यादीत कुठे दिसत नाही, मेल करून मागावी लागते. ऑडिओतली गाणी चांगली आहेत, पट्टी मात्र उंच आहे, वयस्कर मंडळींना झेपत नाही, त्यामुळे पेटीवर खाली घेऊन वाजवणारं कोणीतरी हाताशी ठेवा.