‘मुलींना इंजिनिअरिंग मोफत’ सांगून भाचीचं वर्ष घालवणारा एजंट

धुळे, पारोळा, अमळनेर भागात ज्यांच्या घरी यंदा बारावी सायन्सची पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. २०२४ च्या प्रवेशात माझ्या भाचीला एका ‘अ‍ॅडमिशन सल्लागारा’ने फसवलं. पैसे तर गेलेच, वर्षही गेलं. त्याने जी पद्धत वापरली ती कुणावरही वापरता येते, म्हणून तपशिलात सांगतो.

माझे मेव्हणे पारोळा तालुक्यात सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबतात. बहीण निंदणीला, कापूस वेचायला जाते. मी सुरतला कापड मार्केटमध्ये हिशेबाचं काम करतो. भाची ओबीसी, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीला, ८१ पर्सेंटाइल. आमच्या दोन्ही घरांत इंजिनिअरिंगपर्यंत पोचणारी ती पहिलीच.

८ जुलै २०२४ ला सरकारने जीआर काढला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. योजना खरी आहे आणि तिच्यामुळे कितीतरी पोरी शिकताहेत. पण जीआरमध्ये एक अट आहे: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेल या सरकारी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या ‘मॅनेजमेंट’च्या सीटला माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही. आमच्या एजंटने फ्लेक्सवर ‘मुलींना १०० टक्के मोफत’ एवढंच छापलं आणि अट गिळली.

“ताई, पोरीला एक रुपया लागणार नाही, फक्त माझी प्रोसेसिंग,” असं म्हणून त्याने १०,००० घेतले. फॉर्म त्याच्याच ऑफिसात भरला. मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याकडे. “तुम्ही दिवसभर शेतात, ओटीपी कोण बघणार?” हे बहिणीला आपुलकीचं वाटलं. दिवसभर रानात राबणाऱ्या कुणालाही वाटलं असतं.

पहिली फेरी झाली, नंबर नाही. दुसरी, तिसरी, नाही. बहिणीचा फोन आला, “भाऊ, पोरना नंबरच नही लागना.” घरात सगळ्यांनी धरलं की मार्क कमी पडले. भाची तर दोन दिवस नीट जेवली नाही. मग एजंटने सांगितलं, पुण्याकडे एका कॉलेजात सीट आहे, मॅनेजमेंटची आहे पण काळजी करू नका, स्कॉलरशिप सगळीकडे लागते. ‘सीट बुकिंग’चे ३५,००० त्याला, आणि कॉलेजचा पहिला हप्ता ३०,००० वेगळा. बहिणीने कानातलं मोडलं, मेव्हण्यांनी मालकाकडून उचल घेतली. खऱ्या कॅपमध्ये सीट स्वीकारायचं शुल्क १,००० रुपये असतं आणि तेही ऑनलाइन, थेट सीईटी सेलकडे जातं. सीट ‘बुक’ करायला दुसऱ्या कुणाला पैसे द्यावे लागतात असा प्रकारच तिथे नाही.

कॉलेजात प्रवेशाच्या वेळी एका इंग्रजी हमीपत्रावर सही घेतली. त्यात लिहिलं होतं की प्रवेश संस्थास्तरावरचा, म्हणजे कॅपबाहेरचा आहे आणि विद्यार्थी फीमाफीची मागणी करणार नाही. मराठी शाळेत सातवी शिकलेल्या बापापुढे ते ठेवून बोटाने जागा दाखवली, “इथे करा.” अंगठा आणि सही यातला फरक आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने मिळवला. त्या सहीचा असा वापर झाल्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

फीमाफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला. पोर्टल विचारतं, प्रवेश कॅपमधून झाला का? कॅपचं अलॉटमेंट लेटर मागतं. ते नव्हतंच. दिवाळीत मी सुरतहून येऊन कॉलेजात गेलो. खिडकीवरचा क्लार्क भला माणूस होता. त्याने पावतीवर बोट ठेवलं, तिथे ‘संस्थास्तर’ छापलेलं होतं. म्हणाला, “काका, ही सीट चारही वर्षं अशीच राहणार. पुढच्या वर्षीही माफी बसणार नाही.” सालदाराच्या घरातून चार वर्षांची पूर्ण फी निघणार कुठून? अशी पोरं प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षी फी थकली की घरी बसतात. भाचीला आम्ही तेव्हाच परत आणलं.

मग एजंटकडून पासवर्ड घेतला. त्यासाठी भांडावं लागलं. लॉगिन उघडून ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपसाठी भरलेली कॉलेजांची पसंतीयादी पाहिली तर त्यात पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, आणि तिन्हीकडे फक्त कॉम्प्युटर. ८१ पर्सेंटाइलला! जळगाव नाही, धुळे नाही, शिरपूर नाही, फैजपूर नाही. सीईटी सेलच्या साइटवर आधीच्या वर्षांचे कटऑफ कुणालाही बघता येतात. आपल्या भागातल्या खासगी कॉलेजांत मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला ८१ च्या कितीतरी खाली नंबर लागलेले आहेत. पोरीचा नंबर लागू नये म्हणूनच तो फॉर्म तसा भरला होता. तिला कॅपमध्ये सीट मिळाली असती तर त्याला कमिशन कुठून मिळणार?

म्हणून कळकळीने सांगतो, नोंदणी करताना मोबाइल नंबर घरातल्या माणसाचाच टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ऑप्शन फॉर्म कन्फर्म झाल्यावर त्याची प्रिंट काढा आणि शाळेतल्या एखाद्या सरांना दाखवा. पर्यायांचा क्रमही बघा. पहिल्या फेरीत पहिल्याच पर्यायाचं कॉलेज मिळालं तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. ज्यांना कॉलेजकडून कमिशन मिळतं ते हवं ते कॉलेज पहिल्या नंबरवर टाकून याचाच फायदा घेतात. अडलं तर सीईटी सेलच्या सुविधा केंद्रावर जा, कागदपत्रं तपासायचं काम तिथेच होतं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर उन्हाळ्यातच काढून ठेवा, जुलैमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

कॉलेजने भाचीचा मूळ दाखला आणि बारावीची गुणपत्रिका अडवून धरली होती. प्रवेश रद्द करणाऱ्याची मूळ कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, हा एआयसीटीईचा नियम आहे. तो लिहून अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कागद सुटले. हप्ता मात्र बुडाला.

भाचीने २०२५ ला पुन्हा सीईटी दिली. फॉर्म तिने आणि मी मिळून भरला, ती पारोळ्यात, मी सुरतला, फोन चालू ठेवून. कॅपमधून जवळच्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश झाला, माफीचा अर्जही गेला. हा अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, तेही विसरू नका.

एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. ४५,००० पैकी एक रुपया अजून परत आलेला नाही. १०,००० रोख गेले, त्यांचा पुरावाच नाही. ३५,००० फोनपेवरून गेले म्हणून तेवढंच कागदावर दाखवता आलं. तुमच्याबाबतीत असं काही घडलं असेल तर व्यवहाराचे स्क्रीनशॉट, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि कॉलेजच्या पावत्या अजिबात डिलीट करू नका, फोन बदलायच्या आधी प्रिंट काढून घ्या.